डोंगरातल्या छोट्या गावाचा एसटीपी हिवाळ्यात का कोलमडतो

दोन-तीन हजार वस्तीच्या डोंगराळ गावात सांडपाणी शुद्धीकरण केंद्र (एसटीपी) बिघडलं की दोष बहुधा थंडीला दिला जातो. जिवाणू गारठले, आता उन्हाळा लागल्यावरच काय ते, असं म्हणून विषय मिटतो. थंडीचा वाटा असतो, नाकारायचं कारण नाही. पण अशा बहुतेक केंद्रांची दुखणी तपासायला बसलं की थंडी यादीत तिसरी-चौथी निघते. तिच्या आधी असतं गटारात घुसलेलं पावसाचं आणि बर्फाचं पाणी, त्यानंतर सपाट मैदानासाठी काढलेला नकाशा जसाच्या तसा डोंगरावर उतरवण्याची सवय, आणि गाळ वेळेवर न काढणं. ही तिन्ही माणसाच्या हातातली आहेत, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करू.

आधी पाणी मोजा

समजा वस्ती ३००० आहे आणि माणशी दिवसाला १५० लिटर सांडपाणी येतं. म्हणजे दिवसाला ४५० घनमीटर, सरासरी सेकंदाला ५.२ लिटर. हा झाला कागदावरचा आकडा. प्रत्यक्षात किती येतं हे कळायला महागडा मीटर लागत नाही. केंद्राच्या तोंडाशी असलेल्या नालीत ९० अंशांची व्ही-नॉच पट्टी, म्हणजे ‘V’ आकाराची खाच कापलेली आडवी पट्टी, बसवली तरी पुरतं. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण ०.८ लिटर, १० सेंटिमीटरला ४.४ लिटर, १५ सेंटिमीटरला १२ लिटर. उंची मोजायची ती खाचेच्या तोंडाशी नाही, तिथे पाणी वाकून खाली गेलेलं असतं. खाचेवरून वाहणाऱ्या पाण्याच्या उंचीच्या चौपट अंतर मागे जाऊन मोजपट्टी लावायची.

सगळ्यात बोलका आकडा मिळतो पहाटे दोन ते चारच्या दरम्यान. त्या वेळी गाव झोपलेलं असतं, त्यामुळे प्रवाह सरासरीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास उतरायला हवा. वरच्या उदाहरणात पट्टीवर सुमारे ६ सेंटिमीटर. त्याऐवजी ९ सेंटिमीटर दिसले आणि पाणी बऱ्यापैकी नितळ असलं, तर सेकंदाला दोनेक लिटर पाणी जमिनीतून पाइपात शिरतंय. दोन लिटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण दिवसाचे ते १७० घनमीटर होतात. गावाच्या एकूण सांडपाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त! आणि हे पाणी बर्फ वितळताना येतं तेव्हा ३-४ अंशांचं असतं. टाकीतला ९-१० अंशांचा मैला त्याने ७-८ अंशांवर येतो, टाकीत पाणी थांबण्याचा काळ घटतो आणि जिवाणूंचा गाळ क्लॅरिफायरवरून, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या टाकीवरून, वाहून जातो. ‘थंडीने केंद्र बंद पडलं’ या वाक्यामागे खरी गोष्ट बहुधा ही असते.

हे पाणी येतं कुठून? छपरांच्या पन्हाळी गटाराला जोडलेल्या असतात, अंगणातल्या जाळ्या जोडलेल्या असतात, मॅनहोलची झाकणं रस्त्याच्या पातळीखाली गेलेली असतात, जुन्या पाइपांचे सांधे उघडे पडलेले असतात. छपरं आणि अंगणं शोधायला धुराची चाचणी उत्तम: एक भाग दोन्ही टोकांना बंद करायचा, मॅनहोलवर पंखा ठेवून बिनविषारी धूर आत सोडायचा आणि धूर कुठल्या पन्हाळीतून वर येतो ते पाहायचं. घरमालकांना आदल्या दिवशी सांगून ठेवावं, नाहीतर आग लागली म्हणून धावपळ होते. सांध्यांची गळती शोधायला मात्र पहाटेची वेळच बरी. एकेका मॅनहोलपाशी थांबून कोणत्या फाट्यातून नितळ पाणी येतंय ते वरून टॉर्चने बघत गेलं की दोषी पट्टा सापडतो.

उतार हा फुकटचा पंप आहे, पण तो सांभाळावा लागतो

मैदानी गावाला गटाराचा उतार मिळवायला जड जातं, डोंगरात तो जास्तच असतो. १५० मिलिमीटरच्या पाइपात पाणी स्वतःचा तळ धुऊन नेईल असा वेग म्हणजे सेकंदाला ०.६ मीटर. अर्धा पाइप भरलेला असेल तर २०० मीटरला १ मीटर उतारही त्याला पुरतो, पण गल्लीच्या टोकाला दोन-चार घरांचंच पाणी असल्याने तिथे १०० ला १ ठेवलेला बरा. वरची मर्यादा साधारण सेकंदाला ३ मीटर. त्याहून जोरात गेलं की पाण्यातली रेती पाइपाचा तळ खरवडते.

म्हणून उभ्या चढावर पाइप जमिनीच्या उताराने टाकत नाहीत, टप्प्याटप्प्याने उतरवतात. आत येणारा पाइप मॅनहोलच्या तळापासून ६० सेंटिमीटरपेक्षा उंच असेल तर बाहेरून उभा पाइप घालून पाणी तळाशी सोडायचं. हा उभा पाइप टाळला की पाणी थेट वरून कोसळतं, तळाचं काँक्रीट फुटतं आणि सगळा दुर्गंधी वायू तिथेच सुटतो.

आणखी एक गोष्ट नकाशात क्वचितच दिसते. उतारावरच्या चरात पाइपाभोवती रेती-खडी भरलेली असते, आणि ती खडी स्वतःच एक भूमिगत नाला बनते. पावसात तिच्यातून पाणी धावतं, पाइपाखालची भर वाहून जाते, पाइप लोंबकळतो आणि सांधा उघडतो. त्यावर उपाय साधा आहे: ठरावीक अंतरावर चराला आडवी चिकणमातीची किंवा काँक्रीटची भिंत घालायची. पाइप टाकतानाच हे झालं पाहिजे, मागाहून करायचं तर रस्ता पुन्हा उकरावा लागतो.

उताराचा खरा फायदा केंद्राच्या जागी मिळतो. तिथे चार-पाच मीटरचा फरक हाताशी असेल तर पाणी एका टप्प्यातून दुसऱ्यात विजेशिवाय जातं. डोंगरात वादळ आलं की वीज जाते, रस्ता बंद होतो, सुटा भाग चार दिवस पोचत नाही. त्यामुळे ज्या टप्प्याला वीज लागत नाही तो टप्पा पहिल्यांदा निवडावा, असं माझं ठाम मत आहे. सपाटीवर चाललेलं यंत्र डोंगरात आणून बसवणं हा सोयीचा निर्णय असतो, पण सोय ठेकेदाराची होते.

शंभर ते हजारभर लोकांच्या वस्तीसाठी दोन टप्प्यांचे उभ्या प्रवाहाचे वनस्पती-वाफे, म्हणजे पाणी वरून खाली झिरपतं असे झाडं लावलेले खडी-रेतीचे वाफे, फार चांगले चालतात. फ्रान्समधल्या खेड्यांत ही पद्धत रुळलेली आहे. कचरा फक्त जाळीने अडवून कच्चा मैला थेट पहिल्या टप्प्यावर सोडतात. त्यात तीन वाफे, मिळून माणशी १.२ चौरस मीटर, वरचा थर २ ते ६ मिलिमीटरच्या बारीक खडीचा. एका वाफ्याला साडेतीन दिवस पाणी आणि मग सात दिवस विश्रांती. दुसऱ्या टप्प्यात दोन वाफे, माणशी ०.८ चौरस मीटर, वर रेती. विश्रांती हा या पद्धतीचा प्राण आहे. त्या सात दिवसांत वरचा थर वाळतो, चिरतो, आत हवा शिरते. ऑपरेटर पाणी दुसऱ्या वाफ्याकडे वळवणारं फाटक फिरवायला विसरला आणि एकाच वाफ्यावर पंधरा दिवस पाणी गेलं की वाफा तुंबलाच म्हणून समजा.

या वाफ्यांना पाणी संथ धारेने दिलं तर ते पाइपाच्या तोंडाशीच जिरतं. एकदम लोंढ्याने दिलं तरच सगळीकडे पसरतं. चालू वाफ्याच्या दर चौरस मीटरला ताशी निदान ०.५ घनमीटर एवढा जोर हवा. १०० चौरस मीटरच्या वाफ्यासाठी म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लिटर, आणि एका लोंढ्यात २ ते ५ सेंटिमीटर पाणी. उतार असेल तिथे हे काम सायफन करतो: टाकी ठरावीक पातळीला भरली की आपोआप रिकामी होते. त्याचं नेहमीचं दुखणं म्हणजे सायफनच्या घंटेच्या (घंटेसारख्या टोपणाच्या) कडेला चिंधी किंवा केस अडकणं. मग सायफन पूर्ण सुटत नाही, नुसता झिरपत राहतो, आणि टाकीची पातळी दिवसभर एकाच जागी दिसते. पातळी वर-खाली होत नसेल तर झाकण काढून घंटा धुवायची. टाकी किती वेळा रिकामी झाली ते मोजणारा साधा यांत्रिक काउंटर लावला तर हे लगेच लक्षात येतं, शिवाय रोजचा प्रवाहही कळतो.

अडचण जागेची. ३००० लोकांना माणशी २ चौरस मीटर म्हणजे ६००० चौरस मीटर, आणि एवढी सपाट जमीन डोंगरात मिळत नाही. अशा वेळी गावाचे तीन-चार भाग पाडून प्रत्येकाचं केंद्र वेगळं करावं. गटाराची लांबीही कमी होते.

आडव्या प्रवाहाचे खडीचे वाफे असतील तर त्यांना थंडीत उबदार ठेवायची एक युक्ती आहे. पहिली गोठवणारी थंडी पडायच्या आधी पाण्याची पातळी खडीच्या वर थोडी चढवायची, वर बर्फाचा थर धरू द्यायचा आणि तो पक्का झाला की पातळी पुन्हा खाली घ्यायची. बर्फ आणि पाणी यांच्यात हवेची पोकळी राहते आणि खालचं पाणी गोठत नाही. वाळलेलं पाणगवतही हिवाळाभर कापायचं नाही, ते पांघरुणासारखं वर राहू द्यायचं. कापणी बर्फ गेल्यावर.

ब्लोअरवाला एसटीपी असेल तर

जागा नसली की ब्लोअरने, म्हणजे हवा फुंकणाऱ्या यंत्राने, हवा देणाऱ्या टाक्या येतातच. इथे उंचीचा हिशेब बहुतेक वेळा राहून जातो. २००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७८ टक्के असतो. ब्लोअर तेवढंच घनफळ ओढतो, पण त्यातला प्राणवायू पाचव्या हिश्श्याने कमी. पाण्यात विरघळू शकणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो: १० अंशांच्या पाण्यात सपाटीला लिटरला ११.३ मिलिग्रॅम, २००० मीटरवर ९ च्या जरा खाली. साध्या मोटरींची क्षमताही साधारण १००० मीटरपर्यंतच्याच उंचीसाठी दिलेली असते. त्याहून वर हवा विरळ असल्याने त्या नीट थंड होत नाहीत, आणि डिझेल जनरेटरची ताकदही उतरते. ब्लोअर मागवताना त्या जागेची उंची ऑर्डरमध्ये लिहून द्यावी.

गंमत अशी की हवेची टंचाई हिवाळ्यात भासत नाही. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि जिवाणूंची भूकही मंदावलेली असते. टंचाई दिसते पर्यटकांच्या गर्दीच्या गरम आठवड्यात. म्हणून ब्लोअरची परीक्षा तेव्हा घ्यायची. टाकीत विरघळलेला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास असला की पुरे. हिवाळ्यात त्याहून जास्त हवा मारली तर पाणी आणखी गार होतं आणि गाळाचे पुंजके फुटतात. पाणी वर उडवणारे एरेटर थंड प्रदेशात नकोतच, त्यांच्यावर बर्फ चढतो. तळाशी बारीक बुडबुडे सोडणारे डिफ्यूझर हवेत.

थंडीचा खरा मार बसतो अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंना. कार्बन खाणारे ८ अंशांतही काम करतात, अमोनिया खाणारे मात्र फार हळू वाढतात. १० अंशांना त्यांना टाकीत निदान १२ ते १५ दिवस राहायला मिळायला हवं, ५ अंशांना २५ ते ३०. त्यापेक्षा लवकर गाळ काढून टाकला की ते संपतात आणि वसंतापर्यंत परत येत नाहीत. म्हणून तयारी थंडी पडल्यावर नाही, सहा आठवडे आधी करायची: गाळ काढणं कमी करून टाकीतलं गाळाचं प्रमाण लिटरला ४००० ते ४५०० मिलिग्रॅमपर्यंत चढवायचं.

तरीही अमोनिया उतरत नसेल तर अल्कलिनिटी, म्हणजे पीएच घसरू न देण्याची पाण्याची ताकद, बघा. डोंगरातलं झऱ्याचं पाणी बहुधा मऊ असतं, त्यात क्षार कमी. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन खाताना ७.१४ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्ची पडते. लिटरला ४० मिलिग्रॅम अमोनियाला म्हणजे २८६, आणि शेवटी ६०-७० तरी शिल्लक राहायला हवी. सांडपाण्यात मुळात २५० असेल तर पीएच घसरतो, ६.५ च्या खाली गेला की ते जिवाणू जवळपास थांबतात, आणि ऑपरेटर थंडीला बोल लावून ब्लोअर वाढवतो. त्याने उलट पाणी गार होतं. पहिला उपाय फुकटचा आहे: ब्लोअर अधूनमधून बंद ठेवायचा, उदाहरणार्थ ९० मिनिटं चालू, ४५ मिनिटं बंद. बंद काळात अमोनियापासून बनलेलं नायट्रेट मोडतं आणि खर्च झालेली जवळपास निम्मी अल्कलिनिटी परत मिळते. त्याने भागलं नाही तर खायचा सोडा किंवा चुना. ४५० घनमीटरमध्ये लिटरला १०० मिलिग्रॅम अल्कलिनिटी वाढवायला दिवसाला ७५ किलो सोडा किंवा ३३ किलो विरवलेला चुना लागतो. चुना स्वस्त पण नळ्या तुंबवतो, आणि जास्त पडला तर पीएच उसळतो. सोड्याने तशी चूक होत नाही. सवय नसलेल्या ऑपरेटरला सोडाच द्यावा.

क्लॅरिफायरकडे वळू. ५ अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा दीडपट चिकट असतं, त्यामुळे तोच गाळ दोन तृतीयांश वेगाने खाली बसतो. रोज एक चाचणी न चुकता करावी: एरेशन टाकीतलं पाणी एक लिटरच्या सिलिंडरमध्ये घेऊन ३० मिनिटं हलवल्याशिवाय ठेवायचं. गाळ ३०० मिलिलिटरवर बसला आणि टाकीतलं गाळाचं प्रमाण लिटरला ३००० मिलिग्रॅम असेल तर गाळाचा निर्देशांक (एक ग्रॅम गाळाने व्यापलेले मिलिलिटर) १००, ठीक आहे. २०० च्या वर गेला तर गाळ फुगलाय. सिलिंडर तसाच आणखी दोन तास ठेवा. गाळ बुडबुडे घेऊन वर आला तर क्लॅरिफायरमध्येही तेच होणार, म्हणजे गाळ तिथे फार वेळ पडून राहतोय. गाळ क्लॅरिफायरमधून टाकीत परत नेणारा पंप वाढवायचा.

हिवाळ्यात टाकीवर तपकिरी, चिकट, साईसारखा जाड फेस साचला तर तो बहुधा मायक्रोथ्रिक्स नावाच्या दोरीसारख्या जिवाणूचा असतो. त्याला गार पाणी आणि तेल-तूप दोन्ही आवडतं. क्लोरीन ओतून तो जात नाही, कारण तो गाळाच्या पुंजक्यांच्या आतही गुंफलेला असतो. फेस काढून केंद्राबाहेर न्यायचा, पुन्हा टाकीत ढकलायचा नाही. आणि हॉटेलांचे ग्रीस ट्रॅप (चरबी अडवणाऱ्या टाक्या) तपासायचे. ट्रॅपमध्ये पाणी निदान अर्धा तास थांबायला हवं आणि चरबी आठवड्याला काढायला हवी. पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या मात्रेने त्याला आवर घालता येतो, पण मूळ ट्रॅपमध्येच आहे.

गावातल्या सेप्टिक टाक्यांचा मैला टँकरने आणून केंद्रात ओततात, त्याचंही सांगायला हवं. पाच घनमीटरच्या टँकरमध्ये सहज २५ किलो बीओडी (जिवाणूंना घाण खायला लागणारा प्राणवायू) असतो, म्हणजे पाचशे माणसांचा दिवसभराचा भार पाच मिनिटांत. वेगळ्या टाकीत साठवून रात्री बारीक धारेने सोडावा. सेप्टिक टाकी कधी उपसायची हे तारखेवर ठरवू नये, थंडीत गाळ हळू कुजतो आणि लवकर साचतो. काठीच्या खालच्या मीटरभर भागाला पांढरं टॉवेलचं कापड गुंडाळून टाकीत तळापर्यंत उभी धरायची, काही मिनिटांनी सावकाश वर काढायची. काळा डाग जितका उंच तितका गाळ. गाळ आणि वरची साय मिळून पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याला पोचली की उपसा.

गाळ आणि शेवटचं पाणी

बर्फाळ डोंगरात ओढ्याचं पाणी सगळ्यात कमी असतं ते हिवाळ्यात, नेमकं केंद्र कमजोर असताना. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या पाण्यातलं क्लोरीन जपून वापरायचं. अर्धा तास संपर्क, शेवटी लिटरला ०.५ मिलिग्रॅम, आणि ओढ्यात मासे असतील तर तेवढंही सोडियम बायसल्फाइटने मारून मगच सोडायचं. यूव्ही दिवे जास्त चांगले, पण गढूळ पाण्यात ते काम करत नाहीत आणि काचेच्या नळ्यांवर पुटं चढतात. पुटं सायट्रिक अ‍ॅसिडच्या द्रावणाने निघतात.

गाळ वाळवायच्या वाफ्यांना पावसासाठी छप्पर हवं. कडक गोठणाऱ्या गावात मात्र एक-दोन वाफे उघडे ठेवावेत. तिथे गाळ ५ ते ८ सेंटिमीटरच्या थराने ओतायचा, पूर्ण गोठू द्यायचा, मग वर दुसरा थर. वसंतात वितळताना पाणी सुटं होऊन रेतीतून निघून जातं आणि मागे कॉफीच्या चोथ्यासारखे दाणे उरतात, जे फावड्याने उचलता येतात. थर एकदम जाड ओतला तर आतला भाग गोठत नाही आणि चिखलच राहतो.

मॅनहोलमध्ये किंवा बंद टाकीत उतरायचं काम शक्यतो करूच नये. जेटिंग (जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने सफाई), कॅमेरा, लांब दांड्याची अवजारं यांनी बहुतेक कामं वरूनच होतात. उतरणं टळतच नसेल तर चार वायूंचा मीटर आधी दोरीने आत सोडायचा: प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमच्या वर किंवा ज्वालाग्राही वायू स्फोटाच्या किमान पातळीच्या १० टक्क्यांवर असला तर कुणीही उतरायचं नाही. वासावर भरवसा नको. १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वर तिपाई, कपी आणि आतल्या माणसाच्या अंगभर हार्नेसला बांधलेला दोर धरणारा माणूस हवाच, आणि आतला माणूस कोसळला तर त्याने खाली उडी न मारता त्याला दोरानेच वर ओढायचं.